केरसुणीची मिरवणूक

दिवाळीच्या सुटीआधी मुलांकडून एक निबंध लिहून घ्यायचा, असा माझा जुना परिपाठ आहे. विषय ठरलेला : 'आमच्या घरची दिवाळी'. निबंधही बहुतेक ठरलेलेच असतात. त्याच चकल्या, तेच किल्ले, तेच मामाचे गाव. दोन वर्षांपूर्वी मात्र एका वहीतल्या पहिल्याच वाक्याशी मी अडखळलो. सातवीतल्या त्या मुलाने लिहिले होते, "आमच्या घरची दिवाळी दुपारी सुरू होते." त्याची आई नगरपालिकेच्या सफाई खात्यात कामाला. नरकचतुर्दशीच्या पहाटे सारे गाव अभ्यंगस्नान करून फटाके उडवते, आणि गाव फराळाला बसले की ही बाई खराटा घेऊन रस्त्यावर उतरते. फटाक्यांच्या लाल कागदांचा खच, पत्रावळी, फुटलेल्या पणत्या असे सारे गोळा करून ती घरी येते तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. मग ती न्हाते, आणि मग त्या घरात उटण्याचा वास दरवळतो. निबंधात तक्रारीचा एक शब्द नव्हता. मी दहापैकी आठ गुण दिले, दोन ऱ्हस्वदीर्घाचे कापले, आणि त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी लक्ष्मीपूजन आले. आपल्या घरांत त्या दिवशी नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात, तिलाच लक्ष्मी म्हणतात. घरातली अलक्ष्मी झाडून बाहेर घालवायची ती याच लक्ष्मीच्या हाताने. आमच्याही घरी पाटावर केरसुणी मांडली होती. तिच्याकडे पाहता पाहता मला शंभर वर्षांपूर्वीची एक दिवाळी आठवली. ती मी पाहिलेली नाही, फक्त वाचलेली आहे. त्या दिवाळीत इंदूर शहरात केरसुण्यांना हार घातले गेले, आणि त्या धरणाऱ्या हातांचीही मिरवणूक निघाली. तिची, आणि त्या शहरात पुढे जे घडले त्याची हकीकत मी आज वाचकांना सांगणार आहे. फराळाच्या ताटाशेजारी उकिरड्याची गोष्ट मांडतो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आपल्या आज्या सांगत आल्या आहेत. तेव्हा दिवाळी अंकातही एखादे वर्षी त्याची पाळी यायला हरकत नसावी.

सध्या जगभरच्या विद्वानांच्या परिषदांतून 'चक्राकार अर्थव्यवस्था' हा शब्द फार ऐकू येतो. चीनने २००८ साली या विषयाचा कायदाच केला. युरोपीय संघाने २०१५ साली आपला कार्यक्रम जाहीर केला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी जगापुढे जी सतरा उद्दिष्टे ठेवली, त्यांतले अकरावे शहरे टिकाऊ करण्याचे आहे. नाव भारदस्त असले तरी कल्पना घरगुती आहे. जमिनीतून घ्यायचे, वापरायचे आणि फेकून द्यायचे ही सरळ रेषा झाली. जे उरले ते पुन्हा कामाला लावायचे, मातीचे ते मातीला आणि लोखंडाचे ते लोहाराला परत द्यायचे, हे चक्र झाले. रेषेला शेवट असतो, आणि आपल्या शहरांच्या बाबतीत तो शेवट गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर होतो. मुंबईचा देवनारचा डोंगर १९२७ पासून रचला जातो आहे. २०१६ च्या जानेवारीत त्याला आग लागली, आणि तिचा धूर दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत पसरला, तेव्हा पुष्कळांना त्या डोंगराची पहिल्यांदा ओळख झाली.

या चक्राचा शास्त्रीय अभ्यास मात्र परिषदांच्या पुष्कळ आधी, होळकरांच्या इंदुरात झालेला आहे. तोही एका देशाच्या माणसांनी केलेला नाही. स्कॉटलंड, इंग्लंड, अमेरिका, चीन आणि आपला माळवा या सर्वांची बुद्धी त्यात एकत्र आली. म्हणून ही गोष्ट सुरुवातीपासून सांगावीशी वाटते.

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश गृहस्थ. जन्म १८५४ चा. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ, हक्सलेच्या हाताखाली शिकलेला. सूक्ष्मदर्शकाखाली जीवजंतू पाहता पाहता तो शहरे पाहू लागला, आणि त्याला शहर हेही एक जिवंत शरीर दिसू लागले. शरीर म्हटले की खाणे आले, श्वास आला आणि मलविसर्जनही आले. एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ चाळींत त्याने बायकोला घेऊन बिऱ्हाड केले आणि स्वतःच्या हाताने भिंतींना रंग देऊन शेजाऱ्यांना सफाईला लावले. १९१४ साली तो आपले नगरविषयक प्रदर्शन घेऊन मद्रासला निघाला. नकाशे आणि चित्रे एका जहाजावर, तो स्वतः दुसऱ्यावर. महायुद्ध सुरू झाले होते. 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने प्रदर्शनाचे जहाज बुडवले. आयुष्यभराचे काम समुद्राच्या तळाशी गेले, तरी गेडिस डगमगला नाही. मित्रांकडून नवे नकाशे मागवून त्याने प्रदर्शन पुन्हा उभे केले.

हिंदुस्थानात तो गावोगाव हिंडला. त्या काळचे नगररचनाकार कागदावर सरळ रेघ ओढीत आणि तिच्या आड येणारी घरे पाडीत. गेडिसची रीत उलट होती. तो पहाटेच उठून गल्लीबोळांतून पायी भटके. कुठला आड कोरडा आहे, कुठल्या वडाच्या पाराखाली माणसे बसतात, कुठल्या बोळात सांडपाणी तुंबते, हे आधी डोळ्यांनी पाही. आधी निदान, मग उपचार. आणि उपचारही शक्य तितके कमी कापाकापीचे, असे त्याचे सूत्र होते.

१९१७ हे साल या माणसाच्या आयुष्यात फार वाईट आले. थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. पत्नी ॲना हिंदुस्थानातच आजारी होती. मुलाच्या मृत्यूची बातमी तिला सोसवणार नाही म्हणून ती त्याने तिच्यापासून लपवून ठेवली. त्याच वर्षी तीही गेली. असा दुहेरी घाव घेऊन तेरा वर्षांचा असो की त्रेसष्ट वर्षांचा, कोणीही माणूस घरी परतला असता. गेडिस इंदुरात राहिला. महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी त्याला शहराचा आराखडा करण्याचे काम दिले होते.

इंदुरात तेव्हा प्लेगची दहशत होती. गळ्यात चष्मा आणि हातात नकाशा घेऊन दाढीवाला गोरा म्हातारा गल्लीत शिरला की लोक दारे लावून घेत. साहेब नकाशा काढतो म्हणजे घर पाडणार, अशी त्यांची समजूत. आणि पूर्वानुभव पाहता ती काही अगदीच खोटी नव्हती. तेव्हा गेडिसने महाराजांकडे एक विलक्षण मागणी केली : एका दिवसापुरता मला राजा करा. महाराजांनी ती मान्य केली. पुढची हकीकत अमेलिया डेफ्रिस या त्याच्या शिष्येने १९२७ साली लिहिलेल्या त्याच्या चरित्रात आली आहे.

शहरात दवंडी पिटवली गेली. दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल. पण ती नेहमीच्या हिंदूंच्या मार्गाने जाणार नाही आणि मुसलमानांच्याही नाही. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत स्वच्छ, डागडुजी केलेली आणि झाडे लावलेली असतील, त्या रस्त्याने ती जाईल. मग काय विचारता! ज्या शहराला हुकुमाने झाडू हातात धरता आला नव्हता, त्या शहराने चढाओढीने तो धरला. केर वाहून नेण्यासाठी फुकट गाड्या दिल्या होत्या. सहा हजारांवर गाड्या कचरा निघाला, असे सांगतात. कोपऱ्याकोपऱ्यांत वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्याबरोबर उंदरांची बिळेही उघडी पडली.

आणि मग ती मिरवणूक निघाली. पुढे घोडेस्वार, हत्ती, उंट. पिकांच्या राशी, कापसाच्या गाड्या, आणि लक्ष्मी. त्यामागून बेसूर वाद्ये वाजवीत दुसरा ताफा आला : रोगांची सोंगे, मोडक्या घरांच्या प्रतिकृती, भले मोठे डास, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस, आणि त्याच्यामागे प्लेगचा प्रचंड उंदीर. नरकचतुर्दशीला गोव्यात आणि तळकोकणात नरकासुराचे पुतळे जाळतात, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे दृश्य समजावून सांगायला नको. नरकासुराच्या नावातच नरक आहे, आणि घाण या अर्थाने आपण तो शब्द रोज वापरतो. परक्या देशातून आलेल्या म्हाताऱ्याने आपल्या सणाचा नेमका गाभा हेरला होता.

राक्षसांच्या मागे थोडी जागा मोकळी सोडलेली होती. मग सनया-चौघडे पुन्हा सुरात आले आणि शहराचे झाडूवाले आले. अंगावर पांढरी शुभ्र नवी वस्त्रे, डोक्यावर नवी पागोटी, गाड्या रंगवलेल्या, बैलांना माळा घातलेल्या, आणि प्रत्येकाच्या केरसुणीला फुलांचा हार. ज्यांची सावली चुकवून लोक चालत, त्यांना पाहायला त्याच लोकांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी केली. त्यांच्यामागून कारागीर आले, नव्या नगराच्या प्रतिकृती आल्या, आणि शेवटी वाटायला तुळशीची रोपे आली. रात्री मैदानात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांना आतषबाजीसह अग्नी दिला.

ही हकीकत मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांना उंदीर फार आवडतो. मला मात्र ती मधली मोकळी जागा आवडते. घाण आणि घाण काढणारा यांच्यात गेडिसने मुद्दाम अंतर ठेवले होते. आपल्या समाजाने हजारो वर्षे जे दोघे एक मानले, ते त्याने त्या रस्त्यावर वेगळे करून दाखवले.

१९१८ साली गेडिसचा इंदूरविषयक अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात नद्यांचे काठ आहेत, बागा आहेत, एका विद्यापीठाचे स्वप्नही आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग सांडपाण्याचा आणि मैल्याचा. युरोपातल्या शहरांनी एकोणिसाव्या शतकात सगळे काही गटारात सोडून देण्याचा मार्ग धरला होता. गेडिसने म्हटले की हिंदुस्थानाने आपल्या खेड्यांची जुनी रीत सोडू नये. सगळे गटाराला देण्याऐवजी सगळे मातीला द्यावे. नळ खणण्यात कोट्यवधी रुपये पुरून नदी नासवण्यापेक्षा शहराभोवती बागा फुलवाव्या. मराठीत तर यासाठी शब्दही आहे : सोनखत. मैल्याच्या खताला ज्या भाषेने सोने म्हटले, तिला या सिद्धान्ताची ओळख करून देण्याची गरज नव्हती. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून गेडिस आला आणि १९२४ मध्ये परत गेला.

योगायोग असा की, त्याच १९२४ साली इंदुरात दुसरे एक इंग्रज जोडपे येऊन राहिले : आल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड. दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ. बिहारातल्या पुसा येथे १९०५ पासून त्यांनी गव्हाच्या नव्या जाती काढल्या होत्या. पण हॉवर्डला एक गोष्ट खटकत होती. सरकारी शेतीखात्यात एक जण बियाणे पाही, दुसरा कीड पाही, तिसरा माती पाही. सबंध शेत कोणीच पाहत नसे. आपले खरे गुरू हिंदुस्थानी शेतकरी आणि पिकांवरची कीड हे दोनच, असे तो म्हणे. इंदूर दरबाराने तीनशे एकर जमीन दिली, कापूस समितीने आणि मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांनी पैसा दिला, आणि वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली.

हॉवर्डच्या टेबलावर एक पुस्तक असे. ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एफ. एच. किंग या मृदाशास्त्रज्ञाने लिहिलेले. किंग १९०९ साली चीन, कोरिया आणि जपान पायाखाली घालून आला होता. चार हजार वर्षे तीच जमीन कसूनही तिथल्या मातीचा कस कसा टिकला, हे कोडे त्याला पडले होते. उत्तर त्याला घराघराच्या मागच्या दारी सापडले. तिथे काहीच फुकट जात नव्हते. शांघायच्या परदेशी वसाहतीने १९०८ साली घरोघरचा मैला उचलण्याचा मक्ता एका चिनी कंत्राटदाराला दिला, तेव्हा ७८,००० टन मैल्यासाठी त्यानेच वसाहतीला ३१,००० डॉलरांहून अधिक रक्कम मोजली. आज आपल्या नगरपालिका कचरा न्यायला पैसे देतात. तिथे नेणारा पैसे देत होता! किंगचे पुस्तक १९११ साली, तो वारल्यावर प्रसिद्ध झाले.

चिनी शेतकऱ्यांची ही विद्या, इंग्लंडातल्या रॉथमस्टेडच्या प्रयोगशाळेत काडीकचरा कुजवण्याचे चाललेले प्रयोग, अमेरिकेत वॅक्समन यांनी कुजक्या मातीवर केलेले संशोधन, आणि माळव्याच्या शेतकऱ्याचा गोठा, हे सारे इंदुरात एकत्र आले. ते एकत्र सांधण्याच्या कामात हॉवर्डबरोबर एक मराठी नाव आहे : यशवंत वाड, संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. १९३१ साली ऑक्सफर्डने या विषयावरचा ग्रंथ काढला, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. पुढे जग हॉवर्डचेच नाव घेऊ लागले; म्हणून हे दुसरे नाव मी इथे मुद्दाम ठळक उच्चारतो.

त्यांची रीत कोणाही शेतकऱ्याला समजेल अशी आहे. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्डा घ्यायचा. त्यात पऱ्हाट्या, पाचट, तण, पालापाचोळा असा मिश्र काडीकचरा पसरायचा. कडक काड्या आधी रस्त्यावर टाकून गाड्यांच्या चाकांखाली चेचून घ्यायच्या, किंवा गुरांच्या पायाखाली अंथरायच्या. वर शेणकाला, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि चुलीतली राख. पुन्हा काडीकचरा, पुन्हा शेण. पाणी शिंपडायचे, पण चिखल होऊ द्यायचा नाही. कारण आतल्या जिवांना हवा लागते. काही दिवसांत खड्डा तापतो, इतका की हात आत ठेववत नाही. आधी बुरशी कामाला लागते, मग सूक्ष्म जंतू. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशा तीन वेळा तो वरखाली करायचा. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, पावसानंतरच्या रानासारख्या वासाचे खत तयार. उकिरड्याचा पांग फिटायला आजीने बारा वर्षे सांगितली होती. हॉवर्ड आणि वाड यांनी तो तीन महिन्यांत फेडून दाखवला.

गॅब्रिएल हॉवर्ड १९३० साली वारली, आणि पुढच्याच वर्षी हॉवर्डने इंदूर सोडले. पण काम थांबले नाही. त्याच्यामागून जॅक्सन आणि वाड यांनी शेताऐवजी शहराचा कचरा हाती घेतला. इंदूर रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि माळवा भिल्ल पलटणीची वस्ती अशा तीन ठिकाणी गावकचरा आणि मैला यांचे थर देऊन त्यांनी खत केले आणि १९३४ साली आपले निष्कर्ष एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. शेतकीच्या मासिकाऐवजी डॉक्टरांचे मासिक निवडले, यात मर्म आहे. खड्ड्यातल्या उष्णतेने माशांच्या अळ्या मरतात, दुर्गंधी जाते. म्हणजे हे जितके शेतीचे काम तितकेच आरोग्याचेही, असे त्यांचे म्हणणे.

तिथून हे 'इंदूर कंपोस्ट' जगभर गेले. केनियाच्या कॉफीमळ्यांत आणि हिंदुस्थान-सिलोनच्या चहामळ्यांत ते पोचले. दक्षिण आफ्रिकेत फिक्सबर्ग या छोट्या नगरपालिकेने १९३९ साली व्हॅन व्ह्यूरेन यांच्या मार्गदर्शनाखाली शहराच्या मैलाकचऱ्याचे खत सुरू केले. त्याच सुमारास बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत सी. एन. आचार्य यांनी शहरांना सोयीची आणखी एक पद्धत बसवली. १९४० साली हॉवर्डने आणखी एक ग्रंथ लिहिला, आणि आज ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात तिच्या चळवळीचा तो एक आधारग्रंथ ठरला. जगातल्या कित्येक भाषांत 'इंदूर' हे नाव त्या काळी राजधानीचे किंवा रणांगणाचे म्हणून गेले नाही, खताचे म्हणून गेले. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

इतके सगळे हाती असताना चक्र तुटले कसे, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. कारणे उघड आहेत. जर्मनीत ओपाऊ येथे १९१३ साली हवेतल्या नत्रापासून खत करण्याचा कारखाना निघाला होता. पोत्यात बांधलेले खत स्वस्त आणि सोपे झाले, आणि शेतकऱ्याला शहराच्या कचऱ्याची गरज उरली नाही. मग प्लास्टिक आले, आणि कचऱ्यात न कुजणारी वस्तू शिरली. ओले-सुके एकत्र झाले की खत होत नाही, भंगारही होत नाही. फक्त डोंगर होतो. शहरे फुगली, शेते दूर गेली. या सगळ्या कारणांवर पुस्तके आहेत. पण आणखी एक कारण आहे, आणि ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाही.

मैला आणि कचरा मातीला परत द्यायचा, हे सर्वांना पटत होते. पण तो उचलायचा कोणी? चिनी शेतकरी आपला मैला आपल्याच शेतात नेत होता. आपल्याकडे ते काम जन्माने काही माणसांच्या डोक्यावर ठेवलेले होते, अगदी शब्दशः डोक्यावर. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेले महात्मा गांधी ही खताची संस्था आवर्जून पाहायला गेले, ते या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या माणसाच्या उत्सुकतेने. त्याआधी १९३२ साली आपल्या कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून अन्नत्याग आरंभला होता, कारण ब्राह्मण कैद्याला ते काम द्यायला तुरुंगाधिकारी तयार नव्हते. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी कमी खर्चाचे संडास आणि त्यांतून मिळणारे खत यांतच आयुष्य घातले. आणि डॉ. आंबेडकरांनी दुसरी बाजू तितक्याच परखडपणे मांडली : सफाईच्या कामाचा गोडवा गाऊन ज्यांच्यावर ते लादले त्यांना त्यातच समाधान मानायला सांगणे, हा गौरव नसून फसवणूक आहे.

मला वाटते, दोघांच्या म्हणण्यांमधली जी जागा आहे, तिथेच आपले चक्र अडकले. ज्या वस्तूला हात लावणारा माणूस हलका, ती वस्तू कितीही मोलाची असली तरी समाज तिच्याकडे पाहत नाही. शास्त्राने कचऱ्याचे सोने केले. पण ते सोने ज्याच्या हातात होते त्याच्या हाताला आपण हात लावला नाही. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध आपला पहिला कायदा १९९३ साली झाला आणि दुसरा, अधिक कडक, २०१३ साली. म्हणजे इंदूरच्या मिरवणुकीनंतर जवळजवळ शतकाने. आणि तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच आहोत.

इंदूरची गोष्ट मात्र इथे संपत नाही. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्या शहराने पुन्हा केरसुणी हाती घेतली. घरोघरी गाडी जाऊ लागली, ओला आणि सुका कचरा दारातच वेगळा होऊ लागला. देवगुराडियाला साचलेला लाखो टनांचा जुना डोंगर उपसून जमीन मोकळी केली. २०१७ पासून २०२३ पर्यंत देशातल्या स्वच्छ शहरांच्या यादीत इंदुराचा पहिला क्रमांक सलग सात वेळा लागला. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथे रोज ५५० टन ओला कचरा पचवू शकणारा कारखाना सुरू झाला. त्यातून निघणाऱ्या वायूवर शहराच्या बसगाड्या चालवायच्या आणि उरलेल्याचे खत करायचे, अशी योजना. आता देशोदेशींची मंडळी ते पाहायला येतात. त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की, या विद्येचा एक जुना पाठ याच गावात गिरवला गेला होता?

ते यश मोठे आहे, आणि ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण गाड्या, यंत्रे आणि क्रमांक मोजताना गेडिसने सोडलेली ती मोकळी जागाही मोजायला हवी. चक्राचे दोन वेढे असतात. एक वस्तूचा : मातीतून ताटात, ताटातून खड्ड्यात, खड्ड्यातून पुन्हा मातीत. दुसरा माणसाचा : जो आपली घाण नेतो त्याच्याकडे आपला मान, आपला पैसा, आपल्या मुलांइतकीच त्याच्या मुलांची शाळा परत जाणे. पहिला वेढा शास्त्रज्ञ पुरा करून देतील. करून दिलाच आहे. दुसरा कोणत्याही परिषदेत पुरा होणार नाही. तो आपल्या गल्लीत, आपल्या दारातच पुरा व्हायला हवा.

गेल्या वर्षी आमच्या शाळेने एक लहानसा नियम केला. नरकचतुर्दशीला शाळेतली वरच्या वर्गांची मुले आणि आम्ही शिक्षक अभ्यंगस्नान आटोपून सात वाजता आपापल्या गल्लीत केरसुणी घेऊन उतरतो. स्वतः उडवलेल्या फटाक्यांचा कागद स्वतः उचलतो, आणि ओले-सुके वेगळे करून ठेवतो. फार मोठे काही नाही. पहिल्या दिवशी काही पालकांनी नाकेही मुरडली. पण त्या दिवशी तो मुलगा, आता तो नववीत आहे, माझ्या घरावरून गेला. मी विचारले, "आई कुठे आहे?"

"घरी आहे सर," तो म्हणाला. "साडेनवालाच आली. न्हाते आहे."

मी घड्याळ पाहिले. पावणेदहा झाले होते. त्या घराची दिवाळी अडीच तास आधी सुरू झाली होती.